डायनामोची नाव

पुरात वाहून आलेल्या उंबराच्या खोडानं जोतिबा आंबीचा उजवा खांदा मोडला, तेव्हापासून वेदगंगेच्या उतारावर माणसं पार करणारी त्याची नाव काठावर उपडी पडून होती. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. आणि नाव रेटायचा बांबू दोन्ही हात डोक्यावर नेल्याशिवाय चालत नाही. पलीकडच्या बायका निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. त्यांना आता लांबच्या पुलावरनं वळसा पडू लागला. जोतिबा नदीकडं पाठ करून बसायचा.

त्रेचाळीस सालच्या चैत्रात त्याचा मेहुणा परशराम आला. तो निपाणीच्या मोटार सर्व्हिसमध्ये मिस्त्री होता. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मालक मारुतीरावांच्या गाड्या शेडमध्ये उभ्या होत्या.

"दाजी, एका गाडीच्या बॅटऱ्या आन् डायनामो मागून घेतलाय. पेट्रोल सुटलं की माघारी द्यायचा. डायनामो फिरवला की वीज हुती, आन् त्यात वीज सोडली की त्यो आपणहून फिरतो. म्होरं पंखा लावला की नाव चालंल."

"आन् बॅटऱ्या उतरल्या की?"

"निपाणीत गिरणीच्या इंजनावर भरून आणायच्या."

जोतिबाला काही खरं वाटेना. पण त्याची बायको मनुबाई म्हणाली, "आधी नाव तर नीट करू. पडून सडण्यापरास बरं."

तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. त्या काढून ऐनाच्या लाकडाच्या नव्या बसवल्या. फटींतला जुना काथ्या उकरून मनुबाईनं अंबाडीचे पिळे वळून दिले. जोतिबानं डाव्या हातानं हातोडी धरून ते ठासले. पहिल्या दिवशी बोटं ठेचली, आठवड्यानं हात बसला. वरनं राळ आणि करंजाचं तेल चोपडलं.

मग परशरामानं गिरमिट काढलं. "पंख्याचा दांडा भाईर काढाय मागं एक भोक पाडतो."

जोतिबा ताडकन उठला. "न्हाय! बापानं आन् म्या जलमभर हिची भोकं बुजवली. तू नवं पाडाय आलाईस व्हय रं?"

परशरामानं गिरमिट खाली ठेवलं. दोन दिवस जोतिबा नावेच्या शेपटीशी बसून दिशा द्यायचं लांब वल्हं खालीवर करत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "परशा, ह्या वल्ह्यागत का बसवंना? डायनामो वर, दांडा तिरका पाण्यात. उथळ लागलं की उचलायचा. माझा डावा हात तेवढं करंल."

परशरामानं गिरमिट पिशवीत टाकलं. "दाजी, हे मला सुचलं नसतं."

मिरगाला नाव पाण्यात उतरली. बायका चढायला बिचकत होत्या. म्हाताऱ्या अंबुबाईनं विचारलं, "करंट लागतोय काय रं?"

"लागला तर आधी मला लागंल, मावशी," जोतिबा म्हणाला.

नाव निमूट पलीकडं गेली. पण बॅटऱ्या दुपारपर्यंतच पुरल्या. सांजच्या खेपेला बायकांनी भरलेली नाव मधेच मंदावली आणि धारेला लागून खाली सरकू लागली. मनुबाईनं काष्टा मारला आणि बांबू उचलला.

"ठेव खाली! लोक बघत्यात," जोतिबा गुरगुरला.

"बघू द्यात. अवं, घरी पोरं वाट बघत्यात ह्यांची."

तिचा बांबू दोनदा घसरला. जोतिबाच्यानं राहवेना. "जवळ नगं, म्होरं टाक. पाय रोव. आता अंग सोड!" जे त्याच्या अंगात होतं, पण त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवसापासून त्याला शब्दांत आणावं लागलं. सकाळी डायनामो, सांजेला मनुबाई, असे तीन पावसाळे गेले.

लढाई थांबली. गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, तसा परशराम बॅटऱ्या आणि डायनामो न्यायला आला. डायनामो ठोकलेले खिळे जोतिबानंच काढले. नाव पुन्हा काठावर उपडी पडणार, असंच त्याच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडनं हाक आली, "मनुआक्काऽ, नाव आण गंऽ!"

आजवर त्या काठावरनं लोक जोतिबालाच हाक मारत आले होते. तो बसूनच राहिला. बांबू हातात धरून मनुबाई उभी होती. तिनं घाई केली नाही.

थोड्या वेळानं तो उठला, वल्ह्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाला, "पाणी चढलंय. आज नाव जरा वरनं घालू, धार खाली वढंल."