शेवटच्या फेरीतला कृष्णात

कृष्णात मुद्दाम हरतोय, हे पहिल्यांदा उदयसिंह बोलला. तोवर तेजस्वीच्या मनात तसं काही नव्हतं. निदान तिनं तसं स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

त्यांची पाचजणांची टीम होती, नाव 'करवीर फाइव्ह'. कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा खेळ, पाच विरुद्ध पाच. ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून खेळायचं. तेजस्वी टीमची कॅप्टन. ती राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवायची आणि संध्याकाळी सहानंतर कुणाचा फोन घ्यायची नाही. उदयसिंहच्या घरचं शाहूपुरीत टायरचं दुकान होतं. कृष्णात इचलकरंजीजवळच्या कबनूरचा, घरी कापडाचे माग. लांबून नेम धरण्यात जिल्ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या जिवावरच टीम लीगच्या पात्रता फेरीपर्यंत आली होती.

आणि आता दोन महिने झाले, मॅचच्या शेवटी शेवटी त्याला काहीतरी व्हायचं. सुरुवातीला तो पेटलेला असायचा. एकटा तिघांना लोळवायचा. मग मॅच रंगात आली, एकेक फेरी जीवघेणी व्हायला लागली, की त्याचा माणूस पडद्यावर दारातच उभा राहायचा. समोरचा येऊन सरळ गोळी घालून जायचा.

"अडकलं की ओ!" हेडफोनमध्ये कृष्णात ओरडायचा. "चित्रच हलंना झालंय!"

त्या रविवारीही असंच झालं. मॅच हातची गेली. बाकीचे निघून गेल्यावर उदयसिंहचा मेसेज आला. 'तुला काय वाटतंय? ह्याचं मशीन नेमकं शेवटालाच कसं काय अडकतंय?'

तेजस्वीनं फोन बाजूला ठेवला. पण जेवताना तिला तेच आठवत राहिलं. नेमकं शेवटालाच. कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली होती तेव्हा आयोजकांच्या मशीनवर हाच कृष्णात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा खेळला होता. तिथं चारशे लोक बघत होते. घरी कुणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फोन केला.

"नेट बघितलंस काय?"

"नेट झकास हाय. त्यात काय न्हाय."

"मग?"

"काय कळंना बघ. चित्राची सगळी सेटिंग खाली आणली. गवत न्हाय, सावली न्हाय, सगळं बंद. तरीबी तेच. विंडोज उडवून परत टाकली. ड्रायव्हर नवं घातलं. शष्प फरक न्हाय."

तिनं हे उदयसिंहला सांगितलं तर तो हसलाच. "सेटिंग खाली आणल्यावर जुनाट मशीनबी पळतंय. त्याचं तर आपल्या सगळ्यांपेक्षा भारी हाय. थापा मारालाय गडी. आणि एक सांगू? सांगलीच्या टीमचा जोतीराम हाय का न्हाय, त्याच्यासंगं हा परवा दुपारी खेळत होता. मला खेळाच्या लिस्टमध्ये दोघंबी एकाच खोलीत दिसले."

जोतीराम सांगलीच्या टीमचा कॅप्टन. त्याला नेमबाज हवाय, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात तेजस्वीनं जुन्या मॅचचं रेकॉर्डिंग काढलं आणि कृष्णातचा पडदा पुन्हा पुन्हा बघितला. नेटचा आकडा खरंच स्थिर होता. म्हणजे नेट चांगलं, सेटिंग खाली, मशीन भारी, आणि तरी हा दारात उभा. जितकं बघावं तितकं तिला ते नाटक वाटायला लागलं. एका ठिकाणी तो मरायच्या आधी मान किंचित डावीकडे वळवतो, तेही तिला आता संशयास्पद दिसलं. आधी हीच गोष्ट तिला चलाखी वाटली असती.

मग तिनं एक सापळा लावला. सांगलीच्या टीमबरोबर सरावाची मॅच ठरली होती. मॅचआधी तिनं एकट्या कृष्णातला मेसेज टाकला, 'दुसऱ्या डावाची पहिली फेरी, सगळ्यांनी पुलावरून जायचं.' आणि ती फेरी सुरू होताना हेडफोनमधून सगळ्यांना सांगितलं, "गोदामाकडं चला, गोदामाकडं." सांगलीवाले पुलावर दबा धरून सापडले, तर बातमी कृष्णातकडनंच फुटली.

ते पुलावर सापडले. तिघं.

फेरी करवीरनं जिंकली, पण तेजस्वीला आनंद झाला नाही. उदयसिंहला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघ. आता काढ त्याला." तिनं मात्र आठ दिवस मागून घेतले. कशासाठी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय एखाद्याला घालवायचं तिच्यानं होईना, एवढंच.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं मोपेड काढली आणि न कळवता कबनूर गाठलं.

कृष्णातचं घर मागांच्या शेडवर बांधलेलं होतं. खाली माग चालू होते. जिना चढतानाच त्यांची खडखड पायातून वर येत होती. दारात त्याची आई होती. अनोळखी पोरगी बघून ती म्हणाली, "कोण पावणं?"

"मी तेजस्वी. कोल्हापुरातनं आलो. कृष्णातच्या टीमची." कोल्हापुरातल्या पुष्कळ पोरींसारखी तीही स्वतःबद्दल 'आलो-गेलो' असंच बोलायची.

"अगं बाई, तूच व्हय ती कॅप्टन! ये, बस. रोज तुझंच नाव ऐकतोय आम्ही." आईनं पाणी आणलं, चहा टाकला आणि हाक मारली.

कृष्णात बाहेर आला आणि तिला बघून थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "न सांगता आलीस?"

"इकडं काम होतं." ती खोटं बोलली. "म्हणलं तुझं मशीन बघावं."

त्यानं तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाला, "बघ की."

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. पूर्वी तो पुढच्या सोप्यात असायचा. थोरल्या भावाचं लग्न झालं, घरातल्या जागा बदलल्या आणि ह्याचं टेबल बरोबर शेडच्या डोक्यावर आलं. खिडकी खालच्या शेडकडं उघडत होती. कृष्णातनं खेळ सुरू केला. तेजस्वी मागं स्टूल घेऊन बसली. पडद्यापेक्षा ती त्याच्या हाताकडंच जास्त बघत होती.

पहिली पंधरा-वीस मिनिटं तो सुरेख खेळला. बघत राहावं असा. मग एकदम चित्र धापा टाकायला लागलं. पुढं जायचं, थांबायचं, पुढं जायचं, थांबायचं. त्याचा हात मात्र थांबला नव्हता. हात उजवीकडं गेला होता, बोटानं बटण दाबलं होतं, आणि पडद्यावरचा माणूस अजून डावीकडंच बघत होता. तो मेला. कृष्णातनं माउस टेबलावर आपटला.

"झालं समाधान?" तो मागं न वळता म्हणाला.

"उठ. मला दे."

तिनं स्वतः खेळून बघितलं. चिखलात पळाल्यासारखं वाटत होतं. आता हाताखाली होतं, त्यामुळं त्याला नाटक म्हणायची सोय नव्हती. तिच्या मनात दोन्ही गोष्टी एकदम उठल्या, सुटका झाल्यासारखंही वाटलं आणि लाजही. पण पूल अजून होता. पुलावरचे ते तिघं.

"खालच्या सेटिंगनं फरक पडत न्हाय म्हणालास न्हवं?" ती म्हणाली. "मग ग्राफिक कार्डावर बोजा नाहीच. प्रोसेसरच कुठंतरी मार खातोय. त्याचं तापमान कधी बघितलंस?"

"न्हाय. फॅन तर फिरतोय."

तिनं तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला आणि खेळ पुन्हा लावला. दोघं कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघत बसले. सत्तर. ऐंशी. नव्वद पार झालं. शंभराला टेकलं आणि त्याच क्षणी शेजारचा वेगाचा आकडा धाडकन पाव झाला. चित्र धापा टाकायला लागलं. खेळ थांबवला तर थोड्या वेळात तापमान उतरलं, वेग परत आला.

"आयला," कृष्णात हळूच म्हणाला.

"जळू नये म्हणून तो आपणहून सावकाश चालतोय," तेजस्वी म्हणाली. "मॅच सुरू होताना गार असतोय. लांबली की तापतोय. म्हणून शेवटाला."

म्हणून शेवटाला.

मशीन बंद केलं, वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला. आत फॅन दिसत होता, पण त्याच्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पांढरट, दाट थर बसला होता. मागावरनं उडणारे कापसाचे बारीक तंतू. खिडकीतून आलेले, फॅननं ओढून घेतलेले, एकावर एक बसून त्यांची घोंगडीच झालेली. कृष्णातनं चिमटीत धरून ओढलं तर सगळा थर अखंड निघून आला. आईनं तो हातात घेऊन बघितला. "ह्यात उशी भरंल की," ती म्हणाली आणि हसली. कृष्णात हसला नाही.

फॅन उचलल्यावर खालची पेस्ट दिसली. प्रोसेसरची उष्णता वरच्या पट्ट्यांकडं नेणारी ती पेस्ट वाळून चुन्यासारखी खरवडत होती. कृष्णात इचलकरंजीतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करून गाडीवर गेला आणि पेस्टची नळी घेऊन आला. तोवर तेजस्वीनं रंगाच्या ब्रशनं पट्ट्या झाडून ठेवल्या. जुनी पेस्ट त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं थोडेथोडे आवळले. टेबल खिडकीपासून उचलून भिंतीकडं नेलं.

मशीन चालू केलं. तासभर खेळ चालला, आकडा सत्तरच्या आसपास घुटमळत राहिला. चित्र एकदाही अडकलं नाही. आईनं दोघांना जेवायला बसवलं.

हात धुताना तेजस्वीनं विचारलंच. "जोतीरामसंगं खेळालतास म्हणं."

"व्हय. त्यानं बोलावलंतं. आमच्यात ये म्हणाला. मी न्हाय म्हणलो." कृष्णातनं टॉवेल तिच्या हातात दिला. "आणि त्या दिवशी तू मला पूल म्हणालीस आणि सगळ्यांना गोदाम. मला काय कळत न्हाय व्हय? तवाच कळलंतं काय चाललंय ते. म्हणलं, विचारंल. तू विचारलं न्हाईस. बघायला आलीस."

"मग ते पुलावर कसे आले?"

"ते मला काय ठावं?" तो म्हणाला. "माझ्याकडनं न्हाय."

तिला वाटलं होतं, इथून निघताना मन हलकं असेल. परतीच्या वाटेवर अतिग्र्याजवळ चहाला थांबली तरी तो पूल डोक्यातून जाईना. घरी पोचताच तिनं त्या मॅचचं रेकॉर्डिंग उघडलं. त्या फेरीतला कृष्णातचा पडदा तिनं कितीतरी वेळा बघितला होता. आता दोन्ही टीममधल्या बाकीच्यांचे पडदे लावले.

फेरी सुरू झाल्याबरोबर उदयसिंह सवयीनं पुलाकडं धावत सुटला होता. धाडधाड पाय वाजवत. तिनं गोदाम म्हटल्यावर तो परत फिरला, पण तोवर सांगलीच्या पहारेकऱ्यानं पावलं ऐकली होती आणि साथीदारांना तिकडं बोलावलं होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं. तिनं फक्त एकाच माणसाचा पडदा बघितला होता.

तिनं कृष्णातला फोन लावला. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "रविवारी मॅच हाय. ते बघू."

पात्रता फेरीची मॅच लांबली, अगदी जादा फेऱ्यांत गेली. कृष्णात शेवटपर्यंत खेळला. शेवटच्या फेरीत तेजस्वी लवकर मेली, कारण ती समोर बघायच्या ऐवजी कोपऱ्यातल्या नकाशावरच्या कृष्णातच्या नावाकडं बघत होती. थांबतोय का. अजून थांबतोय का. तो थांबला नाही. एकापाठोपाठ दोघांना टिपून त्यानं मॅच काढली. हेडफोनमध्ये सगळे ओरडत होते. उदयसिंह सगळ्यात मोठ्यानं.

लीग संपल्यावर महिन्याभरात कृष्णातचा फोन आला. तो सांगलीच्या टीमकडं चालला होता.

"जोतीरामनं परत विचारलं," तो म्हणाला. "ह्या खेपेला व्हय म्हणलो."

"माझ्यामुळं?"

फोनमधून मागांची खडखड ऐकू येत होती. "तिथं खेळताना मागं कोण बसलंय असं वाटायचं न्हाय," तो म्हणाला. "तुझ्यावर राग न्हाय. आईनं इचारलंय तुला, कधी येतीस म्हणून. जेवायला ये."

"येतो," ती म्हणाली.

संध्याकाळी उदयसिंहचा मेसेज आला. 'कळलं काय? गेला सांगलीला. मी पहिल्यापासून म्हणत होतो, तो त्यांचाच हाय.'

तेजस्वीनं तो दोनदा वाचला. मग पुलावरच्या फेरीचा तुकडा कापून, उदयसिंहच्या धावण्यापासून पुढचा, तिनं त्याला पाठवून दिला. बऱ्याच वेळानं त्याचं उत्तर आलं, 'हे कशाला?'

'आवाज मोठा करून बघ,' तिनं लिहिलं, आणि हेडफोन काढून ठेवला.