उन्हाचे पैसे

डाग तिकिटाच्या डाव्या कोपऱ्यात होता, चिंचेच्या पाण्यासारखा फिकट, आणि त्याखालचा आकडा पसरून त्याला शेपूट फुटलं होतं... दुसरं तिकीट मात्र कोरं करकरीत, कारण सदऱ्याच्या खिशात ते बाहेरच्या बाजूला होतं आणि अण्णाचा सगळा घाम या पहिल्यानेच पिऊन घेतला होता. जयतीर्थाने दोन्ही एकावर एक ठेवली, डागाचं खाली, कोरं वर, आणि मग स्वतःच्याच चलाखीची लाज वाटून पुन्हा उलटी केली.

स्टेडियमच्या फाटकासमोर तो केव्हाचा उभा होता. पायाशी कोत्तवाल चावडीच्या बाजारातून आणलेली पिशवी — केळीची पानं, कच्ची केळी, उद्याच्या दहाव्यासाठी. नेसूला धोतर, खांद्यावर पंचा, डोक्याचा गोटा, त्यावर मे महिन्याचं मद्रासचं ऊन. समोर मूर मार्केटच्या बाजूने माणसांचा लोंढा येत होता, कारण आज कलकत्त्याचा संघ अंतिम सामना खेळणार होता, आणि आख्ख्या शहराला जणू त्या दीड रुपयाच्या बाकावरच बसायचं होतं. सुतकातल्या माणसाने, त्यातही थोरल्या भावाला अग्नी दिलेल्याने, इथे येऊ नये हे त्याला कळत होतं. पण वैनीने सकाळी अण्णाचा सदरा धुवायला घेतला, खिशात हात घातला आणि ती दोन तिकिटं त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली. हातात दिली नाहीत.

"जया, हे घरांत नक्को रे," कनकावैनी म्हणाली होती. "कोणाला तरी देऊन ये. फुटबॉल बघणारं कोणीतरी असेल की."

देऊन ये. म्हणायला सोपं! पण सुतकात दान नसतं, घेणाऱ्याला बाधतं, असं गुरुराज वाध्यारांनी, घरच्या भटजींनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि जयतीर्थाला बसमध्ये ते नेमकं आठवलं. म्हणजे फुकट द्यायची सोय नाही. म्हणजे विकायला हवीत. छापलेल्या किमतीला, एक पैसाही वर नाही... शास्त्र अडचणीच्या वेळी असं धावून येतं. एरवी संध्येचीही आठवण न होणाऱ्या माणसाला या शास्त्राने किती अलगद बसमधून उतरवून फाटकाशी आणून उभं केलं होतं!

रांगेत उभं राहायची पाळी माझी होती — हे वाक्य मध्येच यायचं. जेवताना, पिंडाला पाणी सोडताना, आताही. एक वर्ष अण्णा, एक वर्ष जया, असा दोघा भावांचा करार फार जुना होता. यंदा जयाची पाळी. त्याने गिंडीच्या कारखान्यात स्टॉक मोजायचा आहे असं सांगितलं. खोटं नव्हतं ते. फक्त मोजणी दुपारी होती आणि रांग पहाटेची होती, आणि त्या पहाटे त्याला झोपायचं होतं. तो म्हणाला होता, मूर मार्केटमागे काळ्या बाजारात मिळतात की, चार पैसे जास्त देऊ. तेव्हा चंद्रमौळी अण्णा, जॉर्ज टाउनमधल्या लोखंडाच्या दुकानात उभा जन्म हिशेब लिहिण्यात घालवलेला माणूस, चपलेत पाय घालता घालता हसला होता.

"ज्याला मॅच बघायची नाही त्याने मध्ये कशाला शिरायचं रे? उन्हात उभं राहायचं, टिकीट घ्यायचं, मॅच बघायची. उन्हाचे पैसे करायचे नाहींत."

आणि गेला. तिकिटं घेऊन खिडकीपासून वळला, खिशात ठेवली, खिशावर हात दाबला — हे सगळं जयतीर्थाला नंतर पोलिसाने सांगितलं — आणि तिथेच खाली बसला. लोकांना वाटलं, दमला. समोरच्या जनरल हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं.

रडू आलं नव्हतं. हॉस्पिटलात नाही, स्मशानात नाही. नात्यातले म्हणाले, जया धीराचा. धीर कसला? तो वाट पाहत होता. कुठल्यातरी क्षणी ते येईल, उलटीसारखं, आणि मग सगळं हलकं होईल. येत नव्हतं. आत नुसता कोरडा खडखडाट, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार... आणि आपल्या आडात खरंच काही नाही की काय, ही भीती तर दुःखापेक्षाही मोठी झाली होती.

"सामी, टिकेट इरुका?"

खाकी पँटमधला एक माणूस, पेरांबूरच्या कारखान्यातला असावा, नखांत काळं तेल. आहे, असं जयतीर्थाने मानेने सांगितलं. त्या माणसाचा चेहरा असा उजळला की बघवेना. त्याने रुमालाची गाठ सोडली. आत दीड रुपया होता, नेमका, सुट्या नाण्यांत. जयतीर्थाला वाटलं — हाच. अण्णाने याच माणसाला दिलं असतं. त्याने कोरं तिकीट वेगळं केलं, मग विचार बदलून डागाचंही पुढे केलं. दोन्ही याला द्यावीत, दीड रुपयातच...

"त्या दिवशी रांगेत मी पुढेच होतो, सामी," तो माणूस आनंदाने तमिळमध्ये बोलत सुटला. "मिळालंच असतं. पण एक जण तिथेच पडला. कोण कुठला, कशाला येतात असले मरायला! पोलिसांनी खिडकी बंद केली, रांग मोडली. एकाच्या पायी आम्ही शंभर जण उपाशी."

हात पुढे गेलेला तसाच राहिला.

माझा भाऊ होता तो, असं म्हणायचं होतं. चार शब्द. तमिळमध्ये तर तीनच. पण तोंडातून आलं ते वेगळंच, आणि ते इतकं शांत, इतकं व्यवहारी आलं की त्याला स्वतःलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

"दहा रुपये. एकाचे."

त्या माणसाने आधी तिकिटांकडे पाहिलं, मग केळीच्या पानांकडे, मग तुळतुळीत डोक्याकडे. "तिरुपतीला जाऊन आलात ना, सामी?" तो म्हणाला. "देवाला केस दिलेत, आणि हे?" त्याने रुमालाची गाठ पुन्हा बांधली, दातांनी घट्ट ओढली आणि तो गर्दीत मिसळला. जयतीर्थाला त्याच्या मागे धावायचं होतं. शिवी द्यायला की तिकीट द्यायला, हे ठरलं असतं तर तो धावलाही असता.

पण 'दहा' हा शब्द आता हवेत होता, आणि असले शब्द ऐकणारे कान जवळपासच असतात. टेरिलीनच्या शर्टातला एक गृहस्थ लगबगीने आला, घासाघीस न करता दोन कोऱ्या नोटा काढल्या आणि तिकिटं घेतली. "बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "रांगेत त्या उन्हात कोण उभं राहणार हो!" मग अंगठा शर्टाला पुसत, "हे काय सांडलंय?"

"पाणी," जयतीर्थ म्हणाला.

झालं. इतकं सोपं असतं! नोटा मुठीत होत्या आणि डोक्यात अण्णाच्याच शिस्तीने जमाखर्च सुरू झाला — अण्णा उन्हात उभा राहिला, तेव्हा वरचे पैसे त्याच्या उन्हाचे, त्याचीच कमाई, वैनीला देईन, उद्या वाध्यारांची दक्षिणा भागेल, मी थोडाच खाणार आहे... मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे वेगळे. ते तिकडे मूर मार्केटमागे उभे राहतात. मी इकडे उभा आहे. मधे आख्खा रस्ता आहे. असा तो स्वतःला समजावत होता, आणि वैनी "कोणाला दिलंस रे?" म्हणून विचारील तेव्हा काय सांगायचं, एवढाच हिशेब जुळत नव्हता.

फाटक बंद झालं. आतून आरोळी उठली — हजारो गळ्यांची — आणि त्याची टाच आपोआप उचलली गेली, मान डावीकडे वळली, कारण अण्णा नेहमी डावीकडे बसायचा. तिथे पिशवी होती. पानं उन्हाने मलूल पडली होती.

तेवढ्यात सेंट्रल स्टेशनकडून एक टॅक्सी येऊन थांबली आणि एक घामाघूम माणूस उडी टाकून उतरला. "टिकेट? किती पण सांगा. एकाचे तीस देतो!" नोटा त्याने मुठीत उंच धरल्या होत्या. "तीस, सामी!"

"नाही," जयतीर्थ म्हणाला. "आत्ताच गेली."

आणि तेव्हा ते आलं. छातीच्या तळातून काहीतरी तुटून वर चढलं आणि त्याला स्वच्छ ऐकू आलं की ते काय म्हणत होतं. घाई केली. थोडा थांबलो असतो तर... तिप्पट... आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, थांबवता थांबेना, पंचा तोंडात कोंबला तरी हुंदका बाहेर यायचा. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते हेच का? की ते या वाक्याखाली दबून होतं आणि याच वाटेने त्याला बाहेर पडता आलं? नाही, अण्णासाठीच आहे हे. अण्णासाठीच. पण प्रत्येक वेळी अण्णाचा चेहरा आणायला गेलं की आधी त्या उंच धरलेल्या नोटा यायच्या, आणि चेहरा त्यांच्यामागून, थोडासाच.

फाटकाशी बसलेला शेंगदाणेवाला बराच वेळ बघत होता. त्याने आपली टोपली थोडी बाजूला सरकवून सावलीत जागा केली.

"मॅच चुकली म्हणून एवढं रडतात का, सामी?" तो म्हणाला. "पुढल्या वर्षी या. पहाटे येऊन रांग धरा."

जयतीर्थाने मान हलवली. हो, म्हणून. आणि मान हलवताना त्याला जाणवलं, की तेही अगदीच खोटं नव्हतं.