इंजिन कोणी बंद केलं

कलेक्टरांनी शाळांना पावसाची सुट्टी जाहीर केली की आमच्या पुरक्काडात हमखास ऊन पडतं. त्या दिवशीही पडलं. त्यात चाकरा लागलेली. किनाऱ्याजवळ गाळ उसळला होता आणि भर पावसाळ्यात समुद्र तळ्यासारखा निजला होता. तारली मासळी तर वाळूत उभं राहून वास यावा इतकी जवळ. गावच्या सगळ्या होड्या पाण्यात, आमची तेवढी वाळूवर, आणि तिचं इंजिन आमच्या अंगणात पाण्याच्या पिंपाला टांगलेलं.

होडी माझा अप्पन, म्हणजे बाप, पत्रोस आणि धाकटा काका लियोन, दोघांची मिळून. आमची इंजिनं पेट्रोलवर सुरू होतात आणि रॉकेलवर चालतात. बंद करण्याआधी तोटी फिरवून पुन्हा पेट्रोलवर आणायची, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल साचून राहतं आणि मग दोरी ओढता ओढता खांदा निखळतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच इंजिन सुरू होईना तेव्हा इंजिनाकडे कुणी बघितलंच नाही. दोघं एकमेकांकडेच बघत राहिले.

"तूच रॉकेलवर बंद केलंस," काका म्हणाला.

"मी जाळं ओढत होतो. तोटी तुझ्या पायाशी होती."

"मी काय पायानं तोटी फिरवतो?"

"डोक्यानं तरी कुठे फिरवतोस?"

काकाने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "दुपारी आंद्रूची मोठी होडी निघतेय. मी तिच्यावर जातो. सांगून आलोय."

"जा ना. तुला कुणी धरलंय?"

अप्पन म्हणाला खरं, पण बघत होता शेजारच्या उपड्या होडीकडे. दोघांच्या होडीतला एक गेला की ती उपडी पडते आणि खाली कोंबड्या अंडी घालतात. शेजारच्या क्लीटसची गेल्या वर्षापासून तशीच पडली आहे.

मी पिंपापाशी उकिडवी बसले. अप्पनने कार्ब्युरेटर रिकामा करून ताजं पेट्रोल भरलं होतं. त्याने दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि गप्प झालं. कार्ब्युरेटरखाली थेंब थेंब गळत होतं. मी बोट लावून हुंगलं.

"काका, हे पेट्रोल गळतंय."

"मग?"

"म्हणजे आत रॉकेल राहिलेलंच नाही. तुमचं भांडणच फुकट आहे."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," दोघं एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं.

मग मी न बोलता पाना घेतला. उन्हाळ्याची सुट्टी मी डोमिनिक आशानच्या, म्हणजे इंजिनं दुरुस्त करणाऱ्या उस्तादाच्या, शेडमध्ये पडीक राहून काढली होती, त्यामुळे हात आपोआप चालले. आतला फ्लोट काढला. हा पितळेचा छोटा पोकळ डबा. तो तरंगत वर आला की आत येणारं तेल थांबतं. शहाळं हलवून बघावं तसा मी तो कानाशी हलवला. चळ, चळ. ज्याने तरंगायचं तोच पाणी प्यायलेला, म्हणजे पेट्रोल प्यायलेला. तो बुडून राहिला, म्हणून तेल थांबेना आणि खाली गळत होतं.

अम्माने कप्पा, आमचा कसावाचा कंद, उकडायला पाणी तापवलं होतं. मी पातेलं खाली उतरवलं आणि फ्लोट त्यात दाबून धरला.

"काय बुडवलंस गं?"

"फ्लोट."

"छान. आता तुझा कप्पा ह्याच पाण्यात शिजवते."

फ्लोटच्या सांध्यातून मोहरीएवढे बुडबुडे निघू लागले, एकामागे एक. मी दोघांना हाका मारल्या. एकाच पातेल्यावर दोन रुसलेली डोकी वाकली.

"हे भोक कोणी पाडलं?" काकाने अप्पनकडे बघत विचारलं.

"खाऱ्या पाण्यानं," मी म्हटलं. "जा, भांडा त्याच्याशी."

फ्लोटमधला थेंबन् थेंब काढला, वाळवला आणि शेडकडे पळाले. तिथे इंजिनांची रांग लागलेली. आशान मान वर न करता म्हणाला, "शुक्रवारी ये."

"तुम्ही नका करू. डाग द्यायची कांडी द्या, भोक मी बुजवते."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तापलेली कांडी पुढे केली. मी कथलाचा डाग दिला, चांगला ऐसपैस. आशानने फ्लोट तळहातावर तोलला. "नांगर केलायस का ह्याचा? खरवड." मी कानस मारून तो पातळ केला. पुन्हा गरम पाण्यात बुडवला. एकही बुडबुडा नाही.

घरी येऊन सगळं जोडलं. दोरी अप्पनच्या हातात होती; मी हात पुढे केला तशी त्याने ती सोडली. तिसऱ्या ओढीला इंजिन जे ओरडलं, त्याने क्लीटसच्या कोंबड्या होडीखालून बाहेर पळाल्या. मी तोटी रॉकेलवर फिरवली. खरी परीक्षा इथेच होती. आवाज जरा जाड झाला, पण तुटला नाही. खाली एक थेंब नाही. इंजिन बंद करण्याआधी मी तोटी पेट्रोलवर आणली, मुद्दाम दोघांना दिसेल अशी.

इंजिन बांबूला बांधून दोघं वाळूत उतरले तेव्हा आंद्रूची माणसं होडी ढकलतच होती. "लियोन, चल, चढ लवकर," आंद्रू ओरडला.

काकाच्या खांद्यावर बांबूचं एक टोक होतं. "दिसत नाही का?" तो म्हणाला. "खांदा रिकामा नाही."

लाटा तशा नव्हत्याच, म्हणून मलाही होडीत घेतलं. सुकाणू माझ्याकडे. किनारा मागे बोटभर उरला असेल तोच काका म्हणाला, "दक्षिणेला घे, तारली तिकडे आहे."

"उत्तरेला," अप्पन म्हणाला. "ह्याला कावळ्यांची सावली आणि तारलीचा काळा पट्टा एकच दिसतो."

"आणि तुला काहीच दिसत नाही."

मी इंजिन आणखी वाढवलं. आता दोघांचंही काही ऐकू येत नव्हतं.