‘पुरे’ म्हणणारं माणूस

जननीच्या मुलाचं बारसं झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, गुंडोरावांच्या हातची काच पहिल्यांदा फुटली. बारशाला चेन्नईत मैलापूरला आलेली ही लेक ते तुकडे बघून म्हणाली, "अप्पा, अजून एक फुटू दे. दुकानाला कुलूप लावते नि तुम्हाला बंगळूरला नेते."

फुटायचं कारण गुंडोरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं काच कापायच्या यंत्रापाशी बसून त्यांचे कान गेले होते. गिऱ्हाइकाशी ते ओठ बघून बोलत. आणि जाड काच कापणं हे तर कानाचंच काम. लोखंडी नळकांडं फिरत राहतं, खाली कुरुंदाची पूड नि पाणी, चार-पाच तास नुसती घरघर. तळ जवळ आला की घरघरीची बारीक शीळ होते. तिथं थांबलं नाही तर काच गेली. ती शीळ राजसबाई आतल्या खोलीतून ऐकायच्या, येऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पुरे." शेवटची काही वर्षं गुंडोरावांना तो शब्द ऐकू येत नव्हता, नुसता हात कळायचा. मग राजसबाई गेल्या.

अड्यारला नोकरी करणारा पुष्कर इंचभर जाडीची काच घेऊन आला. दुर्बिणीचा आरसा तो स्वतः घासणार होता.

"आठ इंच गोल हवी, काका. टी. नगरातल्या मोडलेल्या दुकानाची आहे. दुसरी मिळायची नाही."

"मग माझ्यापाशी कशाला आणलीत?"

"गल्लीत मराठी बोलणारं तुमचं एकच दुकान."

"आमच्या तंजावरच्या बोलण्याला मराठी म्हणता? थोर मन तुमचं."

सकाळी दहाला यंत्र सुरू झालं. पुष्कर स्टुलावर बसून राहिला. तीनच्या सुमाराला कंप अजमावायला गुंडोरावांनी यंत्राखालच्या फळीवर तळहात टेकला. हाताला काही कळेना. एवढ्यात पुष्करनं उठून बटण बंद केलं.

"बंद का केलंत?"

"काकू आतून म्हणाल्या ना, पुरे. दोनदा म्हणाल्या. तुमचं लक्ष नव्हतं."

गुंडोरावांनी काच उचलून उजेडाला धरली. खाचेच्या तळाशी कांद्याच्या सालीएवढी काच उरली होती. लाकडी मोगरीनं हलकेच ठोकताच चकती हातात आली. कुठं टवका नाही.

"कसा होता आवाज?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा? काकूंचा? थोडा दमल्यासारखा. त्यांना थँक्स सांगा हं."

"सांगतो."

तो गेल्यावर गुंडोराव आतल्या दाराशी गेले. कडी बाहेरून लावलेली होती. राजसबाईंच्या मागं ती त्यांनी काढली नव्हती. शेजारच्या गुरुमूर्तीच्या गिरणीत कुणी म्हणालं असतं तर तमिळमध्ये ‘पोदुम’ म्हणालं असतं. ‘पुरे’ म्हणणारं त्या गल्लीत दुसरं कोण होतं? त्यांनी कडीवर हात ठेवला. कडी काढली नाही.

मग गुरुमूर्तीकडे जाऊन त्यांनी जननीला फोन लावला.

"न्यायला ये," ते म्हणाले.

तिनं पलीकडून काहीतरी विचारलं. ते त्यांना ऐकू आलं नाही.

"फुटली नाही. तुझी आई पुरे म्हटली," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

राजसबाई दोन हजार पाचच्या डिसेंबरात, मार्गळी महिन्यात, मैलापूरच्या घरी वारल्या. गुंडोराव दोन हजार सातच्या फेब्रुवारीत, बंगळूरला, लेकीकडे.