पाच आखूड भोंगे

होड्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी आमच्या बंदरात जमिनीवर माणूस सापडत नाही. जो तो पाण्यात. एका वर्षी तर मासळीबाजारातली मांजरंही एका फळकुटावर बसून मिरवणुकीत शिरली आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन गेली. विश्वास ठेवू नका, पण बक्षीस माझ्याच हातून दिलं गेलं.

ही गोष्ट मात्र माझ्या धाकट्या भाचीची आहे. हिला तिखटमीठ लावावं लागत नाही, उलट थोडं काढूनच ठेवावं लागतं.

धाकटी बंदराच्या मनोऱ्यावर बसते. खाडी जिथे उघड्या समुद्राला मिळते, तिथेच हा मनोरा. वर चहूबाजूंनी काचा, आत रडारचा पडदा, वायरलेस, दुर्बीण, चहाची किटली आणि किटलीशेजारी मी. मी आयुष्यभर टगबोट चालवली, म्हणजे मोठमोठ्या जहाजांना दोर लावून कान धरल्यासारखं आत आणलं. आता निवृत्त झालोय, पण पाय तिकडेच वळतात. कुठलं जहाज कधी आत यायचं, कुठल्या होडीने कुठे थांबायचं, हे धाकटीने सांगायचं आणि बाकीच्यांनी कुरकुरत ऐकायचं, असं तिचं काम. मिरवणुकीच्या दिवशी मोठ्या जहाजांना रस्ता बंद. त्यांनी बाहेर नांगर टाकून बसायचं. होड्या धक्क्यावरून निघणार, खाडीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला वळसा घालणार आणि परत येणार.

त्या सकाळी सगळ्या होडीवाल्यांची सभा होती. तिथेच ठिणगी पडली.

मिरवणुकीत पहिली होडी असते माझ्या थोरल्या भाच्याची, म्हणजे धाकटीच्या सख्ख्या भावाची. यंदा त्याने होडीचा मासा केला होता. पुढे बांबू आणि कापडाचं खोलीएवढं डोकं, वर जबडा उघडमीट करणारा. दिसायला झकास. पण ते डोकं सुकाणूच्या काचेसमोर असं बसलं होतं की थोरल्याला पुढचं काही दिसलंच, तर माशाच्या एका डोळ्यातून दिसणार.

"दादा, ते डोकं उतरव," धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली. "गाणी बारीक ठेव, वायरलेस मोठा ठेव. आणि यंदा कुणीही भोंगे वाजवायचे नाहीत."

"भोंगे नाहीत? मग मिरवणूक कशाला म्हणतेस, प्रेतयात्रा म्हण."

सभा खदाखदा हसली. धाकटी हसली नाही.

"पाच आखूड भोंगे म्हणजे धोका. समुद्रावर त्याचा दुसरा अर्थ नाही. आणि तुम्ही, कुणी काही वाजवलं की तेच परत वाजवता. उद्या कुणी खरंच जीव तोडून वाजवलं तर?"

यात तिने काही वाढवून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे भोंग्याला भोंग्याने उत्तर देतात, तेही वरच्या आवाजात. एकदा मी टगवर शिंकलो, तर धक्क्यावरून सगळ्या होड्यांनी शिंकून उत्तर दिलं होतं.

"घरात धाकटी आणि इथे आमची आजी!" थोरला म्हणाला. "बाईसाहेब, तुम्ही वर बसून पडद्यावरचे ठिपके बघा. होड्या आम्ही चालवतो."

बंदराचे साहेब शेजारीच होते. त्यांनी घसा साफ केला. "वर्षातून एक दिवस लोकांना मजा करू द्या. जरा समजून घ्या."

झालं. डोकंही राहिलं आणि भोंगेही राहिले.

माझी थोरली बहीण, म्हणजे या दोघांची आई, तेव्हाच जाऊन माशाच्या जबड्याखाली घडीची खुर्ची टाकून बसली होती. अंगावर शाल, मांडीवर फोन. धाकटी तिला म्हणाली, "आई, तू तरी वर चल. मनोऱ्यावरून सगळं दिसतं."

"नको गं. दिवा विझतो तेव्हा मला पाण्यावरच असायचं असतं."

मिरवणूक संपता संपता मनोऱ्यावरचा मोठा दिवा थोडा वेळ विझवतात. तो विझला की प्रत्येक होडीने इंजिन बंद करायचं, आपले दिवे विझवायचे, गाणी थांबवायची आणि आहे तिथे उभं राहायचं. जे बाहेर गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्यासाठी. माझे मेहुणे त्यातलेच. वर्षभर ही माणसं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण त्या अंधारात साधं खोकतसुद्धा नाहीत. दिवा पुन्हा लागला की मग काय तो गोंधळ.

दुपारनंतर वारा उठला. असा उठला की समुद्रपक्षी उडायचं सोडून धक्क्यावरून चालत घरी निघाले. भरतीही लागली होती, पाणी बाहेरून आत ढकलत होतं. दिवेलागणीला होड्या निघाल्या. पुढे थोरल्याचा मासा, मागे हंस, किल्ले, मुकुट झालेल्या होड्या, आणि शेपटाला आमच्या दोन टगबोटी, रंगीत पाण्याची कारंजी उडवत. साहेब वर आले, त्यांनी माझ्याच कपातला चहा घेतला आणि म्हणाले, "बघा, किती छान चाललंय."

धाकटी पडद्याकडे बघत होती. "मामा, हा ठिपका बघ."

बाहेर एक काळं मालवाहू जहाज नांगरून बसलं होतं. त्याचा ठिपका सकाळी जिथे होता, तिथे आता नव्हता.

तिने वायरलेस उचलला. जहाजाच्या कप्तानाचा आवाज आला, सावकाश, शब्द मोजून बोलणारा. माणूस फार घाबरला की असा बोलतो. नांगर धरत नाहीये. दुसराही टाकला, तोही घसरतोय.

"इंजिन चालू करा!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "इंजिन उघडलंय."

रस्ता बंद म्हणजे आता मोकळा वेळ, तेवढ्यात साफसफाई उरकून घेऊ, असं त्यांच्या इंजिनवाल्याने ठरवलं होतं. कुणाला न विचारता. ही जातच तशी. मी एक इंजिनवाला पाहिलाय, बायको बाळंत होईपर्यंत दवाखान्यातला पंखा खोलून बसला होता. पण त्या दिवशी मला तो किस्सा सांगायचं सुचलं नाही. वारा आणि भरती मिळून ते अख्खं जहाज आडवं करून खाडीच्या तोंडाकडे आणत होते. पिवळ्या बोयाकडे. आणि आतल्या बाजूने त्याच बोयाकडे जबडा उघडमीट करत मासा निघाला होता, जबड्याखाली माझी बहीण.

"सगळ्या होड्यांनी थांबा," धाकटी वायरलेसवर म्हणाली. "सगळ्यांनी थांबा. पुढे जहाज सुटलंय."

टगवाल्यांनी लगेच उत्तर दिलं, निघालो म्हणून. पण त्यांच्यापुढे अख्खी मिरवणूक आडवी पसरलेली. मागच्या एकदोन होड्या घुटमळल्या. पुढून काहीच नाही. माशावर गाणी इतकी मोठी होती की ती आम्हाला काचेतून ऐकू येत होती.

तेवढ्यात जहाजाने भोंगा वाजवला. आखूड, पाच वेळा. मी हा आवाज आयुष्यात मोजक्याच वेळा ऐकलाय.

माशाने उत्तर दिलं. पाच आखूड भोंगे. मग हंसाने, मग किल्ल्यांनी, मग सगळ्यांनी. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. जहाजाने पुन्हा वाजवले. यांनी पुन्हा वाजवले, आणखी जोरात. दुर्बिणीतून मला होड्यांवरची माणसं दिसत होती. ती जहाजाला हात हलवत होती. त्यांना वाटलं, एवढं मोठं जहाज आपली मिरवणूक बघायला जवळ आलंय.

धाकटीने आईला फोन लावला, तो व्हिडिओचा. बहिणीने उचलला. पडद्यावर तिचा चेहरा आला, आनंदाने फुललेला.

"आई! दादाला सांग थांब! आई, जहाज!"

बहिणीने कानाला हात लावून मान हलवली, काही ऐकू येत नाही म्हणून. मग हसली, आणि मुलगी वर बिचारी एकटी बसलीय, तिलाही मजा दिसू दे, म्हणून तिने फोन फिरवून समोर धरला. आम्हाला माशाचे दात दिसले. दातांच्या फटीतून काळी भिंत दिसली. तिला वरचा काठ नव्हता.

धाकटी उठली आणि भिंतीवरच्या खटक्यापाशी गेली.

"काय करताय?" साहेब कप ठेवून पुढे आले. "दिवा? आत्ता? अंधारात एकमेकांवर आदळतील! एकाने जरी इंजिन चालू ठेवलं तर ते सगळं तुमच्या नावावर."

"होड्या थांबल्या तर भरती त्यांना आत ढकलेल. बोयापासून लांब. हो ना मामा?"

"थांबल्या तर," मी म्हणालो.

"कशावरून थांबतील?" साहेब म्हणाले.

"माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली, "बाबांचं ऐकतील." आणि खटका खाली ओढला.

दिवा गेला. क्षणभर काहीच घडलं नाही. मिरवणूक तशीच झगमगत पुढे सरकत होती आणि मला वाटलं, वेळ चुकली म्हणून हे लोक हसतील. मग मासा विझला. हंस विझला. मागे मागे करत एकेक किल्ला, एकेक मुकुट काळोखात गेला, गाणी अर्ध्या ओळीत तुटली, आणि पाणी काळं झालं.

त्या शांततेत जहाजाने पुन्हा पाच भोंगे दिले. या वेळी कुणी उत्तर दिलं नाही.

फोन चालूच होता. पडदा पूर्ण काळा. त्यातून माझ्या बहिणीचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या पलीकडे साखळी समुद्राच्या तळावरून फरपटत जाते तो आवाज. मग बांबू मोडायला लागले. एकेक करून, सावकाश, कुणी सवडीने बोटं मोडावीत तसे. धाकटीने खटक्यावरचा हात काढला नव्हता.

मोडण्याचा आवाज थांबला. श्वास तसाच चालू होता. मग टगवाल्याचा आवाज आला, धापा टाकत: थांबलेल्या होड्यांमधून वाट मिळाली, दोर लागला, ओढतोय. तेव्हा कुठे धाकटीने दिवा लावला.

खाली सगळे दिवे एकदम पेटले. होड्या बऱ्याच आत सरकल्या होत्या, एकीलाही खरचटलं नव्हतं. फक्त माशाला डोकं नव्हतं. टगबोट त्या जहाजाला घेऊन बाहेर चालली होती, कारंजं अजून चालूच, ते बंद करायला कुणाला वेळ झाला नव्हता. किनारा टाळ्यांनी फुटायचा बाकी होता.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा साहेबांना लोकांनी घेरलं होतं. जो तो त्यांचा हात हातात घेत होता. काय कल्पना, साहेब! अंधारात एवढं जहाज, तेही टग लावून, अगदी अंगावरून! साहेबांनी एकदा धाकटीकडे बघितलं, एकदा लोकांकडे. म्हणाले, "सगळ्यांचं सहकार्य होतं."

"हा कार्यक्रम नव्हता," धाकटी मोठ्याने म्हणाली. "जहाज सुटलं होतं. तुम्ही सगळे मरत होतात."

लोकांनी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मीही सांगितलं, घसा फोडून सांगितलं. माझं ऐकून मात्र लोक खूप हसले. "मामा रंगात आले," म्हणाले. आयुष्यभर मारलेल्या थापांची कमाई एकदम पदरात पडली.

थोरला चहाचा कप घेऊन उभा होता आणि सगळ्यांना डोकं कसं गेलं ते रंगवून सांगत होता. धाकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याचा आवाज खणखणीत होता, पण कपातला चहा बशीत सांडत होता, थांबतच नव्हता. त्याने ती भिंत बघितली होती. माशाचं डोकं गेल्यावर त्याच्या काचेसमोर दुसरं काही नव्हतंच.

"दादा, तू तरी सांग यांना."

त्याने मान वळवली.

"पुढच्या वर्षी हेच करायचं," मिरवणूक समितीचे अध्यक्ष म्हणाले. "असाच मधेच दिवा घालवायचा, असंच जहाज. साहेब, जहाजाचं तुम्ही बघा. आणि पुढे तुझी होडी, काय रे?"

"नको," थोरला घाईने म्हणाला. "दर वर्षी मीच कशाला? मानाची जागा दुसऱ्यालाही मिळाली पाहिजे. मी राहीन मागे."

लोकांनी त्याची पाठ थोपटली. किती मोठं मन, म्हणाले. हंसवाल्याने तिथल्या तिथे पुढची जागा मागून घेतली आणि त्याला ती मिळालीही. त्याच्या दोन्ही मुली उड्या मारायला लागल्या.

धाकटी भावाकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघेना.

माझी बहीण अजून घडीच्या खुर्चीवरच होती, आता धक्क्यावर. शालीत बांबूचे तुकडे अडकलेले. तिने धाकटीचा हात धरला आणि खाली ओढून कानात सांगितल्यासारखं बोलली, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"इतकी वर्षं मी त्या अंधारात बसते. कधी काही जाणवलं नाही. आज ते आले होते गं. माझ्या तोंडावरून वारा गेला, हात लांब केला असता तर लागले असते."

"आई, ते बाबा नव्हते."

"तू वर होतीस. तुला काय माहीत?" मग तिने हंसवाल्याला हाक मारली. "अहो, पुढच्या वर्षी तुमची होडी पुढे ना? मग माझी खुर्ची तुमच्याकडे. अगदी टोकाला टाका."

"या की! आनंदाने या," हंसवाला म्हणाला.

थोरल्याचं तोंड उघडलं. आता तो बोलेल, असं मला वाटलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, अजून कौतुकाने. त्याने तोंड मिटलं, आणि बशीतला चहा कपात ओतायला लागला.