मुंग्यांची साक्ष

डॉक्टरीणबाईंचं पेन ‘घराण्यात कुणाला?’ या रकान्यापाशी थांबलं.

“घरी कुणाला साखर होती?”

प्रसेनजीत तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून त्याचे वडील, बाबासो, बोलले,

“साखर? अवो, आमच्यात गुळाचं वांदं. ही साखर ह्या सायबानं नोकरीतनं आणलीया.”

प्रसेनजीत कसनुसा हसला. छत्तिसाव्या वर्षी त्याची साखर तीनशे दहा निघाली होती. बाबासोंच्या मते हा रोग खुर्चीचा. त्यांचा स्वतःचा उभा जन्म कोडोलीच्या वीटभट्टीवर गेलेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एप्रिलच्या उकाड्यात, ते कोल्हापूरच्या या दवाखान्याची पायरी चढले होते ते लेकाला उपदेश करायला.

“काका, तुमचे वडील कशानं गेले?”

“करणीनं.”

“आप्पा!” प्रसेनजीतनं वडलांना दटावलं.

“मग काय तर! पायाला जखम झाली, ती भरंचना. पाय काळा पडला. घागरभर पाणी प्यायचा, तरी घसा कोरडा. मुतंल तिथं मुंग्यांची रांग. सगळं गाव म्हणायचं, ह्याच्यावर कुणीतरी केलंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“डॉक्टरला दाखवलं नव्हतं?”

“दावलं की. आबा, म्हंजे माझा बा, दारात हुबा ऱ्हायचा, डाक्टर लांबनंच बघायचा. पुडी वरनं टाकायचा. शिवल्याबिगर नाडी कशी धरंल? आमी बौद्ध झालतो, पर त्याच्या हाताला ते कळलं नव्हतं.”

बाबासो स्वतःच हसले. बाकी कुणी हसलं नाही.

“काका,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मुंग्या करणीला येत नाहीत. साखरेला येतात.”

बाबासोंनी लेकाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

“म्हंजे कुणी केलं नव्हतं?”

“नाही.”

बाईंनी रकान्यात लिहिलं: आजोबा. प्रसेनजीतनं तो शब्द उलटा वाचला. घरातल्या त्या माणसाचं नाव त्याला ठाऊक होतं, दुखणं आज कळलं.

बाई त्याला गोळ्या समजावू लागल्या. जेवणाआधी ही, जेवणानंतर ती. तो मान डोलवत होता. शेजारी खुर्ची करकरली. बाबासो वाकले होते आणि उजव्या पायातलं पायताण काढत होते. अंगठ्याला धोतराची चिंधी गुंडाळलेली होती, काळपट, ओलसर.

“निस्ता काटा हाय,” ते लेकाला म्हणाले. “दिवाळीत मोडलेला.”