जाळ्याखालची नोटीस

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना, गंजलेला पत्र्याचा फलक आहे खरा, पण आज मला इतका आनंद झाला आहे की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

धनाजी पेंटरने मला रंगवले तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पिवळ्या रंगावर त्याने काळ्या अक्षरांत लिहिले, 'हा भूखंड कार्यालयांसाठी राखीव'. मग चार पावले मागे जाऊन मान डोलावली. तेवढीच काय ती माझी वाहवा! खाडीकाठचे करावे नावाचे गाव आणि नवी सोसायटी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मला उभे केले. बारा वर्षे गेली, कार्यालय काही आले नाही आणि मला कोणी वाचेनासे झाले.

गरज होती ती फक्त विमलबाईंना. त्या रोज सकाळी माझ्या पायाशी मासळीची, त्यांच्या बोलीत मावऱ्याची, पाटी मांडत आणि नवऱ्याचे, देवजींचे, ओले जाळे माझ्यावर वाळत घालत. अंधार पडला की देवजी ते उचलून खाडीवर जात. मला त्या वासाची सवय झाली होती. सोबत होती ना!

तीन महिन्यांपूर्वी एका कारकुनाने माझ्यावर नोटीस चिकटवली. भूखंडाचा वापर बदलायचा, कार्यालयांऐवजी दुकाने, हॉटेले, मॉल. हरकती आणि सूचना तीस दिवसांत द्या. मला पुन्हा काम मिळाले होते! मी ताठ उभा राहिलो आणि दुसऱ्याच सकाळी विमलबाईंनी सवयीने जाळे टाकले ते थेट नोटिशीवर. रोज तेच. ज्यांची बसायची जागा जाणार होती, त्यांच्याच हाताने कागद झाकला जात होता आणि मला तोंड नव्हते. मी आतल्या आत तडफडत राहिलो.

अठ्ठाविसाव्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या साबिरा कोळंबी घ्यायला आल्या. बेलापूरला वकिली करतात त्या. जाळ्यातून त्यांना सरकारी शिक्का दिसला आणि त्यांनी जाळे उचलायला लावले, नोटीस वाचली आणि सोसायटीत व गावात कळवले.

संध्याकाळी माझ्यापुढे ही गर्दी! सोसायटीचे शहाजी म्हणाले की मॉल आला तर खिडकीखाली रात्रभर हॉर्न वाजतील. ऑफिस सहाला बंद होते, रविवारी शांतता असते. त्यांच्याच सोसायटीतल्या निशिगंधाला ते पटेना. औषधाच्या एका पाकिटासाठी रिक्षा करावी लागते, दुकाने हवीतच, असे तिचे म्हणणे. दोघांचे खरे होते, म्हणून भांडण मिटेना. मी तर भलताच रंगात आलो होतो.

तेवढ्यात विमलबाई उठल्या. "आपिस आला तर सायेब डबा घेऊन येनार, मावरा कोन घेनार? आनी मॉल आला तर वॉचमन मना उभी तरी करनार हाय का?"

शहाजींनी मान खाली घातली.

मग साबिरांनी तिथेच लिहायला घेतले. वर कार्यालये, तळमजल्यावर रोजच्या गरजेची छोटी दुकाने आणि रस्त्याच्या बाजूला गावच्या मासळीवाल्यांसाठी छपराचे ओटे. भांडणाऱ्या सगळ्यांनी सह्या केल्या. विमलबाईंची सही ओल्या हातांनी झाली आणि कागदावर डाग पडला. नवा कागद घेऊ का, असे कोणी विचारले तर साबिरा म्हणाल्या, "राहू दे. कोणाची सूचना आहे ते कळेल तरी."

तिसाव्या दिवशी अर्ज पोहोचला, पुढे सुनावणी झाली आणि आज सकाळी कारकून निकाल चिकटवून गेला. सूचना मंजूर, ओट्यांसकट! साबिरांनी तो मोठ्याने वाचला आणि विमलबाई पदराने डोळे पुसत हसल्या.

आता बांधकाम सुरू होणार, मला उपटून भंगारात टाकणार, हे मला ठाऊक होते. पण विमलबाईंनी मुकादमाला आधीच सांगून ठेवले आहे, "ह्यो पत्रा मना पायजे. ओट्याच्या पाठीला लावनार."

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या गल्लीतही माझ्यासारखा एखादा फलक उभा असेल. येता-जाता त्याच्याकडे पाहा, त्यावर काही झाकले असेल तर बाजूला करा. विमलबाईंनी आज जाळे माझ्यावर टाकले नाही. खांद्यावर घेऊनच त्या पाटीशी बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "आधी ते वाच, मंग मावरा घे."